कौल एकच, प्रश्न किती?

फोंडा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. वय वीस, पणजीतल्या कॉलेजात राज्यशास्त्राचं शेवटचं वर्ष. येत्या विधानसभेला ती पहिल्यांदा मत देणार. तिच्या घरामागच्या डोंगराचा मोठा तुकडा बाहेरच्या लोकांनी विकत घेतलाय आणि तिथे बंगले उठणार अशी गावात चर्चा आहे. डोंगर कापला की खालची झर आटेल, आणि झरीवर जगणारं त्यांचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बागही. तिच्यापुरता निवडणुकीचा मुद्दा हा एवढाच. इच्छुकांपैकी डोंगराबद्दल उघडपणे बोलणारा एकच जण आहे आणि तो वेगळ्या धर्माचा आहे. देवळाच्या सभागृहात बैठक झाली, तिथे ‘आपलो मनीस’ कोण ते ठरलं, आणि बाबांनी घरी येऊन तसं सांगितलं. ती लिहिते : ‘बाबा फक्त धर्म बघतात म्हणून मी त्यांच्याशी भांडले. रात्री झोपताना वाटलं, मी तरी काय करतेय? मीही एकच गोष्ट बघतेय. मग आमच्यात फरक काय? सासष्टीतली माझी मैत्रीण म्हणते, तिच्या घरीही हेच चालतं, फक्त देव वेगळा. त्या दुसऱ्या उमेदवाराला मत दिलं तर निदान मी धर्माच्या पलीकडे गेले असं तरी वाटेल. मी चुकतेय का?’

*

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या देवळात कौल लावताना तू पाहिलं असशील. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, भट गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडते की डावी याकडे घरातली सगळी माणसं श्वास रोखून बघत बसतात. तिथे प्रश्न एकच आणि स्पष्ट असावा लागतो. घर बांधू का आणि मुलीचं लग्न तिथेच ठरवू का, असं एका दमात कुणी विचारलं तर भट म्हणतो, एकेक विचार.

निवडणुकीलाही आपण ‘कौल’च म्हणतो. तुझी घालमेल मला या शब्दापाशी अडकलेली दिसते. विधानसभेच्या दिवशी रस्ता, नोकरी, शाळेचं माध्यम, इस्पितळ, जमीन, पाणी असे वीस-पंचवीस प्रश्न एकदम समोर येतात आणि हातात पाकळी एकच असते. म्हणून प्रत्येक मतदार मनातल्या मनात त्यातला एखादा प्रश्न निवडतोच. बाबांनी एक निवडला, तू दुसरा. एक प्रश्न निवडला म्हणून कुणी आंधळं ठरत नाही. तो प्रश्न या मतपेटीतून सुटणारा आहे का आणि त्याचं उत्तर कुणाकडे मागता येणार आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोव्याने खरोखर एकाच प्रश्नाचा कौल दिलाय, आणि तो तुझ्या अभ्यासात असेलच. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं? फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. बहुसंख्य हिंदू असलेल्या गोव्यात हा निकाल नुसत्या धर्माच्या हिशेबाने लागूच शकला नसता. मराठी वाचणाऱ्या घरांतही दोन पानांना मतं पडली. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ मराठी दैनिकच होतं आणि ते विलीनीकरणाच्या विरोधात ठामपणे लिहीत होतं.

त्यानंतर जे झालं ते मात्र आपण फारसं आठवत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाने विलीनीकरण मागितलं होतं तोच पुन्हा सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. माझे आजोबा कूळ होते. त्यांनी जानेवारीत दोन पानांना मत दिलं आणि मार्चमध्ये मगोच्या सिंहाला. मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं, हे कसं काय? ते म्हणाले, ‘पहिल्यांदा विचारलं, घर कुणाचं? दुसऱ्यांदा विचारलं, घर चालवणार कोण?’ १९६४ चा कूळ कायदा आणि गावोगाव उघडलेल्या प्राथमिक शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एक प्रश्न वेगळा काढून विचारला गेला म्हणून त्यांना दोन वेगळी उत्तरं देता आली. तुला ती सोय नाही. तुझा डोंगर आणि बाकीचं सगळं एकाच बटणामागे आहे.

आता बाबांकडे वळते, कारण पत्रात तू त्यांना फार लवकर निकालात काढलंयस. ‘फक्त धर्म बघतात’ हे तुझं अनुमान आहे. त्यांनी तसं म्हटल्याचं तू कुठे लिहिलेलं नाहीस. त्यांचा शब्द ‘आपलो मनीस’ असा आहे. गोव्यात मतदारसंघ लहान, साधारण पंचवीस-तीस हजार मतदारांचा. आमदार लग्नाला येतो, मयताला येतो, रात्री अपरात्री फोन उचलतो, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात खाट मिळवून देतो. कित्येक घरांत ‘आपला’ म्हणजे ज्याच्या दारात जाताना संकोच वाटत नाही तो. धर्म त्यात असतो, जातही असते, पण पुष्कळदा ती त्या भरवशाची खूण म्हणून असते. बाबांना विचार : याच माणसाने गेल्या पाच वर्षांत आपला फोन उचलला नसता तर तो आपला राहिला असता का? ‘नाही’ म्हणाले, तर त्यांचा मुद्दा धर्म नाहीच, आणि तुमचं बोलणं तिथून पुढे जाऊ शकतं. ‘हो’ म्हणाले, तर मात्र तुमच्यात खरा मतभेद आहे. तोही आधी नीट कळू दे.

त्या ‘हो’मागेही काही असू शकतं. तू अंत्रुजातली, म्हणजे फोंड्याकडची आहेस. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. तुमच्या तालुक्यातली देवळं ही पोर्तुगीजांपासून वाचवायला रातोरात उचलून आणलेल्या देवांची घरं आहेत आणि ती आठवण अजून जिवंत आहे. तिला हसून चालणार नाही. सासष्टीतल्या तुझ्या मैत्रिणीच्या घरीही एक आठवण असेल, संख्येने कमी असल्याची, उद्या आपलं कोण ऐकेल या धास्तीची. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ आणि मुसलमान ८ टक्के होते. बहुसंख्याकांना जुनी जखम आठवते, अल्पसंख्याकांना उद्याची भीती वाटते, आणि उमेदवाराला दोन्ही फुकट वापरता येतात.

मी रेघ ओढते ती इथे. धर्माशी जोडलेलं गाऱ्हाणं आणि धर्माची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्तुगीजांनी पाडलेली देवळं पुन्हा उभारण्यासाठी २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद झाली. हे पटो न पटो, पण तो मुद्दा आहे : पैसे कुठे गेले, कुठलं देऊळ झालं, कोणत्या पुराव्यावर, हे विचारता येतं. मडगावच्या मुसलमानांनी वर्षानुवर्षं सोनसोड्याला कब्रस्थान मागितलं, तोही मुद्दा आहे. माणसाला पुरायची जागा मिळाली की नाही, हे मोजता येतं. पण ‘तो आपल्यातला आहे’ म्हणून दिलेल्या मताचा हिशेब मागता येत नाही. निवडून आल्यावर त्याला काहीच करायचं नसतं. तो आपल्यातला होताच, पाच वर्षांनीही असेल. तुझा डोंगर आणि अशी निव्वळ ओळख यांत फरक आहे तो हा. डोंगर राहिला की गेला, हे पाच वर्षांनी तू बोट दाखवून सांगू शकतेस.

कायदाही या रेघेभोवती बराच झगडलाय. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) उमेदवाराला धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागायला मनाई करतं. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की ही मनाई फक्त उमेदवाराच्या धर्मापुरती नाही, मतदाराच्या धर्माचं नाव घेऊन केलेलं आवाहनही तिच्यात येतं. तीन न्यायाधीशांचं वेगळं मत पडलं. धर्म, जात, भाषा यांमुळे लोकांवर झालेल्या अन्यायाची चर्चा निवडणुकीत व्हायला हवी, ती दाबली तर लोकशाहीच अपुरी राहील, असा त्यांचा सूर होता. बंदी बहुमताची चालते. पण अल्पमतातलं ते निकालपत्र तू वाच, राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आणि बाबांची मुलगी म्हणूनही.

ही बंधनं मत मागणाऱ्यावर आहेत, देणाऱ्यावर नाहीत. बाबांनी कुणालाही कुठल्याही कारणाने मत दिलं तर तो गुन्हा होत नाही. देवळाच्या सभागृहातली बैठक मात्र वेगळी गोष्ट. १९८८ च्या एका केंद्रीय कायद्याने धार्मिक संस्थांच्या जागा राजकीय कामासाठी वापरायला बंदी आहे आणि आचारसंहितेतही प्रार्थनास्थळं प्रचाराला वापरायची नाहीत असं म्हटलंय. लगेच तक्रार घेऊन धावू नकोस. समितीत तुमच्या ओळखीचे महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरेचे हक्कदार, असतीलच. उद्या मामलेदाराने विचारलं तर देवस्थान अडचणीत येईल, एवढं त्यांना शांतपणे सांग. माझा अनुभव आहे, देवस्थानाच्या काळजीपोटी सांगितलेलं लोक ऐकून घेतात. आणि नारळावर हात ठेवून कुणी वचन मागितलं, देवाचा कोप होईल अशी भीती घातली, तर ती कायद्याच्या भाषेत ‘गैरवाजवी दडपण’ ठरते. त्या शपथेला तू बांधील नाहीस. मत कुणाला दिलं हे सांगण्याची सक्ती तुझ्यावर कुणालाही करता येत नाही, भटाला नाही, पाद्रीला नाही आणि बाबांनाही नाही. ज्या घरांतल्या मुलींना असं विचारलं जातं त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

आता तुझा डोंगर. इथे मी तुझ्या बाजूने बोलणार आहे. काही नुकसानं भरून काढता येतात. या पाच वर्षांत न झालेला रस्ता पुढच्या पाच वर्षांत होतो. कापलेला डोंगर परत येत नाही. झर आटली की माडा-पोफळींची तीन पिढ्यांची बाग दोन उन्हाळ्यांत जाते. परत न येणाऱ्या गोष्टीला जास्त वजन द्यावं, हे मला पटतं. म्हणून डोंगर हा तुझ्या मताचा उंबरठा ठरव : डोंगर विकायला काढणारा त्याच्या आत येणार नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. उंबरठ्याच्या आत मात्र दोघं-तिघं आले तर त्यांच्यात निवड करताना बाकीचे प्रश्न विचारायचे. आणि आत एकच जण उरला तरी त्याला तपासल्याशिवाय सोडू नकोस.

तपासणीबद्दल मी एवढा आग्रह धरते त्याला कारण आहे. २०१७ मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण हा मुद्दा घेऊन गोवा सुरक्षा मंच उभा राहिला आणि मगो, शिवसेना यांच्याबरोबर युती झाली. मंचाला एकही जागा मिळाली नाही. मगोचे तिघे निवडून आले आणि इंग्रजी शाळांच्या अनुदानावरून ज्या भाजपशी भांडण होतं त्याच्याच सरकारात सामील झाले. फक्त माध्यमासाठी मत दिलेल्या माणसाच्या पदरात काय पडलं? धर्माची हमीही तशीच निघाली. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आलेल्या अकरांपैकी आठजण सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. तीन धर्मांच्या साक्षीने दिलेला शब्द आठ महिने टिकला. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या तिन्ही ठिकाणी आपली माणसं खऱ्या श्रद्धेने डोकं टेकतात.

तेव्हा तुझ्या त्या उमेदवाराला ‘डोंगर वाचवणार का’ असं विचारू नकोस. त्याला सगळेच हो म्हणतात. नगर नियोजन कायद्यात २०२४ मध्ये घातलेलं ३९-अ कलम, ज्याखाली अर्जावरून एखाद्या भूखंडाचा झोन बदलता येतो, त्याबद्दल तुमची भूमिका काय? ते रद्द करायचं विधेयक आलं तर मत कुठे द्याल? चाळीसांच्या सभागृहात एकटे असलात तर काय कराल, आणि सरकारने मंत्रिपद देऊ केलं तर? उत्तरं लेखी माग, गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून माग. तो पूर्वी आमदार असेल तर विधानसभेत त्याने जमिनीवर किती प्रश्न विचारले ते शोध. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्याचं प्रतिज्ञापत्र मिळेल. त्यात मालमत्तेच्या पानावर जमिनी कुठे आणि कसल्या आहेत ते बघ. डोंगराबद्दल बोलणाऱ्याचेच भूखंड डोंगरउतारावर असतील तर ते तुला मतदानाआधी कळलेलं बरं. हीच पानं बाबांच्या माणसाचीही काढ आणि दोन्ही घरी एकत्र वाचा.

एक नाजूक गोष्ट विचारते. त्याला मत दिलं की ‘धर्माच्या पलीकडे गेले असं वाटेल’, असं तू लिहिलंयस. तो तुझ्याच धर्माचा असता आणि डोंगराबद्दल हेच बोलला असता तर तुझा निर्णय इतकाच पक्का असता का? स्वतःला उदार ठरवण्यासाठी त्याचा धर्म मोजलास तर मोजलासच, फक्त उलट्या बाजूने. तो माणूस डोंगरासाठी उभा आहे, तुझ्या परीक्षेसाठी नाही.

आणि सगळा भार मतावर टाकू नकोस. गोव्यात जमिनीच्या मोठ्या लढाया बहुतेक दोन निवडणुकांच्या मधल्या काळात जिंकल्या गेल्यात. २०११ पर्यंतच्या जमीनवापरासाठी केलेल्या प्रादेशिक आराखड्याच्या विरोधात लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी, त्यात बायका पुढे होत्या, जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीचा प्रकल्प गावातून हलवायला लावला. तिथे कुणी शेजारणीला धर्म, जात किंवा पक्ष विचारत बसलं नाही. तुमच्या डोंगराचा सर्व्हे नंबर काढ, एक-चौदाचा म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा काढ, मालक कोण ते कळू दे. झोन बदलाची सूचना राजपत्रात येते आणि हरकती घ्यायला मुदत असते. ती चुकली की नंतर ओरडून फारसा उपयोग होत नाही, म्हणून गावातल्या कुणीतरी राजपत्र नेमाने बघायला हवं. ते काम तू घे. डोंगरकापणीला मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी लागते. यंत्र दिसलं त्या दिवशी ती परवानगी मागायची. पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत तुमची झर आहे का? नसेल तर ग्रामसभेत उठून ती नोंदवून घे. तुझ्या मैत्रिणीलाही हे सांग, सासष्टीतही डोंगर आहेत.

ही कामं सुरू झाली की एक गंमत तुला दिसेल. ग्रामसभेत झरीच्या ठरावावर हात वर करताना बाबा कदाचित तुझ्या बाजूलाच असतील. कुळागर त्यांचंच आहे, पाटाचं पाणी रोज सकाळी तेच वळवतात. तू ‘पर्यावरण’ म्हणतेस ते त्यांच्यासाठी पोफळीच्या मुळाशी पोचणारं पाणी आहे. मग त्यांच्या माणसाला गावात बोलावून ३९-अ चा प्रश्न तुझ्याऐवजी त्यांनीच विचारू दे. मुलीला दिलेलं उत्तर उमेदवार विसरतो, खात्रीच्या मतदाराने सगळ्यांसमोर विचारलेलं विसरणं त्याला जड जातं. तो डोंगराच्या बाजूने उभा राहिला तर तुझ्या उंबरठ्याच्या आत दोघं होतील. नाही राहिला, तर ‘आपलो’ कोण हे बाबांना स्वतःलाच ठरवावं लागेल, आणि तेव्हा तू त्यांच्याशी भांडू नकोस, नुसती जवळ बस.

मतदानानंतरही कदाचित तुमची मतं वेगळीच असतील. माझ्या आजीने दोन्ही वेळा काय केलं ते आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनी तिला कधी विचारलंही नाही.

तू पणजीत होस्टेलवर राहतेस म्हणून शेवटचं : मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. ते गावच्या यादीत आहे की नाही, हे या आठवड्यात बघून घे. नसेल तर सहा नंबरचा फॉर्म भर. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाकीच्या मुलामुलींचीही नावं त्याच बसणीत तपास.